भारतीय पासपोर्टवर युरोपात 'वर्किंग हॉलिडे'चं वर्ष: एजंटकडे पैसे भरायच्या आधी हे वाच

तुझा प्रश्न नीट वाचला. थोडक्यात असा आहे की वय २७, नागपूर विद्यापीठाचं बी.कॉम., सीताबर्डीच्या एका फर्ममध्ये चार वर्षं अकाउंट्सचं काम, साठवलेले साडेसहा लाख, आणि मनात एकच गोष्ट, एक वर्ष युरोपात जायचं, कॅफेत हॉटेलात मिळेल ते काम करायचं, सुट्टीला फिरायचं आणि परत यायचं. एक एजंट म्हणतोय की जर्मनीचा वर्किंग हॉलिडे व्हिसा करून देतो, साडेतीन लाख द्या, खात्यात पैसे 'दाखवायचं' पण आम्हीच पाहून घेऊ. घरचे म्हणून राहिले की चांगली नोकरी सोडून हे काहून. आणि तू विचारतोयस की हे होतं का, आणि होत असेल तर कसं.

मी धरमपेठेत जर्मन शिकवते आणि बऱ्याच वर्षांपासून मुलामुलींच्या व्हिसाच्या फाइली जायच्या आधी तपासून देते. वयाने बरीच मोठी आहे म्हणून तुला 'तू' म्हणते, राग नको मानू. उत्तर लांब होणार आहे.

सगळ्यात आधी तो एजंट. जर्मनीचा वर्किंग हॉलिडे व्हिसा ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण कोरिया अशा काही देशांच्या तरुणांसाठी आहे, कारण त्या देशांशी जर्मनीचे तसे करार आहेत. भारताशी नाही. डेन्मार्क, आयर्लंडचं पण तेच. म्हणजे तो जे विकतोय ते तुझ्या पासपोर्टवर नाहीच. फारतर तो दुसऱ्याच कुठल्यातरी व्हिसाचा अर्ज भरेल आणि त्यात खोटं कारण लिहील, किंवा टुरिस्ट व्हिसा काढून देईल आणि म्हणेल तिकडे गेल्यावर काम मिळून जाते. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक, टुरिस्ट व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं आणि काम अजिबात करता येत नाही, पकडलं गेलं की पुढची दारं पण बंद होतात. एक अजून सांगते, परदेशात नोकरी लावून देणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा नंबर शोधता येतो, आणि अशा एजंटला ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. नंबर माग. जो चिडला त्याच्याकडे परत जाऊ नको.

आता खरा प्रश्न. कोणत्या देशात जाऊ हा तुझा प्रश्न नाहीये, हे वर्ष तुला कशासाठी हवंय हा आहे, कारण भारतीय पासपोर्टवर 'काम पण करा, फिरा पण, मग या परत' असं मोकळं वर्ष युरोपात जवळपास एकाच ठिकाणी मिळतं आणि ते म्हणजे ब्रिटन. बाकी ठिकाणी जे रस्ते आहेत ते नोकरी शोधायचे, शिकायचे किंवा कुणाच्या घरी राहून मुलं सांभाळायचे आहेत. तिथे 'मला फक्त एक वर्ष फिरायचंय' असं मनात ठेवून गेलं की कागद एक बोलतो आणि तू दुसरं बोलतोस, आणि व्हिसा अधिकाऱ्याला ते लगेच कळतं.

ब्रिटनच्या रस्त्याचं नाव इंडिया यंग प्रोफेशनल्स स्कीम, २०२३ पासून सुरू आहे. वय १८ ते ३०, किमान बॅचलर डिग्री, आणि स्वतःच्या खात्यात २,५३० पाउंडाइतके पैसे सलग २८ दिवस. व्हिसा २४ महिन्यांचा मिळतो, जवळपास कोणतंही काम करता येतं, मालकाने स्पॉन्सर करायची, म्हणजे तुझ्या व्हिसाची जबाबदारी घ्यायची, गरज नाही, मध्ये सोडून परत आलास तरी चालतं. वर्षाला ३,००० जागा, आणि त्या लॉटरीने म्हणजे बॅलटने मिळतात. बॅलट साधारण फेब्रुवारी आणि जुलैमध्ये दोनेक दिवसांसाठी उघडतं. त्यात नाव टाकायला एक रुपया लागत नाही, हे लक्षात ठेव. ब्रिटन सरकारच्या साइटवर नाव, जन्मतारीख, पासपोर्टची माहिती आणि स्कॅन, फोन, ईमेल एवढंच भरायचं असतं, दहा मिनिटांचं काम. तरी लोक एजंटला पैसे देतात, आणि वाईट म्हणजे एजंट स्वतःचा ईमेल टाकतो. निवड झाल्याचं पत्र त्याच ईमेलवर येतं, मग तो म्हणेल तेवढे दिल्याशिवाय तुला कळतच नाही की नंबर लागला. म्हणून ईमेल स्वतःचा, फोन स्वतःचा. एका बॅलटमध्ये एकदाच नाव टाकायचं.

नंबर लागला की साधारण ९० दिवसांत अर्ज, फी, बायोमेट्रिक सगळं करावं लागतं. इथेच पुष्कळ जणांची धांदल उडते, कारण पैसे तेव्हा गोळा करायला लागतात. २८ दिवस सलग म्हणजे एक दिवस पण बॅलन्स त्या आकड्याखाली गेला तर मोजणी परत पहिल्यापासून. आणि २८ वा दिवस अर्जाच्या तारखेच्या मागच्या ३१ दिवसांत पडला पाहिजे. तू अकाउंट्सचा माणूस आहेस, तुला स्टेटमेंट वाचायला मी काय शिकवू, पण स्वतःच्या खात्याकडे पण तसंच बघ. पाउंडाचा भाव हलत असतो म्हणून नेमके २,५३० पाउंडाचे रुपये न ठेवता वीस-तीस हजार वर ठेव, आणि त्या महिन्यात त्या खात्यातून फोनपेने तर्री पोह्याचे पैसे पण देऊ नको, दुसरं खातं वापर.

एजंटचं 'पैसे दाखवून देतो' म्हणजे कुणाचे तरी उसने तीन लाख अचानक तुझ्या खात्यात येणार आणि महिन्याने जाणार. चार वर्षं पंचवीस हजार पगार येणाऱ्या खात्यात असं दिसलं की प्रश्न येतोच. आणि खोटे कागद लावल्याचं सिद्ध झालं तर ब्रिटन दहा वर्षं बंदी घालू शकतं. तुझे स्वतःचे पैसे आहेत ना, मग उसन्याची गरजच काय?

आता हिशोब मांडू, कारण घरच्यांना पटवायचं तर हाच कागद समोर ठेवावा लागेल. व्हिसा फी २०२५ मध्ये ३१९ पाउंड. त्यावर हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, वर्षाला ७७६ पाउंड, आणि व्हिसा दोन वर्षांचा म्हणून दोन वर्षांचे एकदम, म्हणजे १,५५२. तू एका वर्षात परत आलास तरी उरलेल्या वर्षाचे परत मिळत नाहीत हे धरूनच चाल. हे झाले १,८७१ पाउंड. पाउंड ११८ रुपये धरला तर दोन लाख वीस हजार. टीबीची तपासणी यादीतल्याच क्लिनिकमध्ये करावी लागते, इथल्या कोणत्याही दवाखान्याचं सर्टिफिकेट चालत नाही, त्यासाठी मुंबईची एक फेरी धर. तिकीट, कोट, बूट, बॅग मिळून सत्तर-ऐंशी हजार. आणि २,५३० पाउंड म्हणजे तीन लाख. बेरीज सहा लाखांच्या वर गेली, आणि तुझ्याकडे साडेसहा आहेत. म्हणजे जमतंय, पण कशीबशी.

पण ते तीन लाख फक्त दाखवायचे नसतात, तिथे गेल्यावर तुझ्याच उपयोगाचे असतात, आणि पहिल्या दोन महिन्यांत ते जातात. का जातात ते बघ. पोचल्यावर पहिले दहा-बारा दिवस हॉस्टेल किंवा कुणाकडे पैसे देऊन राहणं. मग खोली, त्याचं एक महिन्याचं भाडं आगाऊ आणि वर डिपॉझिट. इंग्लंडमध्ये कायद्याने नेहमीच्या भाड्याच्या खोलीला पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही, जास्त मागणारा भेटला की समजून जा. शेफिल्ड, लीड्ससारख्या शहरात साधी शेअरिंगची खोली साडेपाचशे-सहाशे पाउंडाला, लंडनमध्ये त्याच्या दीडपट तरी. काम मिळायला दोन-चार आठवडे, आणि पुष्कळ ठिकाणी पगार महिन्याने, म्हणजे पहिला पगार हातात यायला सहा ते आठ आठवडे. म्हणून माझं स्पष्ट मत, लंडनला उतर, दोन दिवस बघ, आणि राहायला दुसऱ्या शहरात जा. सगळ्यांना लंडनच हवं असतं, ते मला समजतं, पण साडेसहा लाखांत लंडन म्हणजे तिसऱ्या महिन्यात घरी फोन करून पैसे मागणं. नोकरी धरून थोडी बचत झाली की मग जा की लंडनला, दोन वर्षांचा व्हिसा आहे.

कमाईचं सांगायचं तर २१ आणि त्यापुढच्या वयाला किमान वेतन एप्रिल २०२५ मध्ये तासाला १२.२१ पाउंड झालं. आठवड्याला ३५ तास धरले तर चारशे सव्वीस-सत्तावीस पाउंड, महिन्याला साधारण अठराशे, टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी तिथली सामाजिक सुरक्षेची वर्गणी) जाऊन सोळाशेच्या आसपास. लहान शहरात यात राहून खाऊन तीनेकशे उरतात. फार नाही, पण फिरायला पुरतात. आणि तुला एक गोष्ट कुणी सांगितली नसेल, तिथे पूर्णवेळ कामगाराला वर्षाला २८ दिवस भरपगारी सुट्टी कायद्याने आहे, कॅफेत काम करणाऱ्याला पण. तुझ्या वर्षातला हॉलिडे तो आहे, तो मागून घ्यायचा.

अजून एक, तू कॅफेच का धरून बसलास? तुझ्याकडे चार वर्षांचं अकाउंट्स आहे. तिथे टेम्प एजन्सी असतात, तीन-चार महिन्यांच्या कामाला माणसं लावतात, इनव्हॉइस, पेरोल, लेजर मिळवणं अशी कामं, वर्षअखेरीला आणि टॅक्सच्या दिवसांत मागणी असते. सीव्हीच्या वरच्याच ओळीत लिहायचं की काम करायचा पूर्ण हक्क आहे, अमुक तारखेपर्यंत, स्पॉन्सरशिप लागत नाही. ही ओळ नसेल तर भारतीय नाव बघून ते धरून चालतात की स्पॉन्सर करावं लागेल आणि सीव्ही बाजूला जातो. हा माझा अनुभव किती मुलांबाबत आहे विचारू नको. पहिले दोन महिने कॅफे कर, इंग्रजी ऐकायची सवय होते, त्यांचे उच्चार कानात बसतात, मग टेम्पकडे वळ.

फिरायच्या बाबतीत एक गैरसमज सगळ्यांना असतो. ब्रिटनचा व्हिसा म्हणजे युरोपभर फिरता येतं असं नाही. भारतीय पासपोर्टला पॅरिसला जायचं तरी वेगळा शेंगेन व्हिसा लागतो, फी ९० युरो, लंडनमधून किंवा तिथल्या दुसऱ्या केंद्रातून अर्ज करायचा, आणि परतल्यावर ब्रिटनचा व्हिसा किमान तीन महिने शिल्लक असला पाहिजे. म्हणून युरोप शेवटच्या महिन्यावर ढकलायचा नाही, मध्येच करायचा.

आता बॅलट लागलं नाही तर? आणि हे धरूनच चाल की लागणार नाही, लॉटरी आहे ती, तुझी डिग्री चांगली आहे म्हणून जास्त वेळा चिठ्ठी निघत नाही. तुझं वय २७ म्हणजे तुला अजून बरेच बॅलट मिळतील, ३१ वा वाढदिवस यायच्या आत अर्ज झाला पाहिजे. पण तोपर्यंत हातावर हात ठेवून बसू नको. फ्रान्सचा भारताशी करार आहे, तरुण व्यावसायिकांसाठी वर्षाला ५०० जागा, पण त्याला आधी हातात कामाचा करार लागतो, आणि फ्रेंच न येता तो मिळणं अवघड. औ पेअर म्हणजे कुटुंबात राहून मुलं सांभाळणं, त्याला जर्मनीत २७ पूर्ण व्हायच्या आत अर्ज करावा लागतो, ते तुझं गेलं. युरोपचाच हट्ट नसेल तर ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा उघडलाय, १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, तिथे पण बॅलट. मी ब्रिटन आणि ऑस्ट्रेलिया दोन्हीकडे नाव टाक म्हणेन.

आणि जर्मनी. तिथे जून २०२४ पासून चान्सेनकार्ट आहे, एक वर्षाचं, नोकरी शोधायला जाण्याचं. सहा गुण लागतात. तुझे मोजून बघू. वय ३५ च्या आत, दोन गुण. मागच्या पाच वर्षांत डिग्रीशी संबंधित किमान दोन वर्षांचं काम, दोन गुण. झाले चार. इंग्रजी सी-वन पातळीचं सर्टिफिकेट (भाषेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पातळ्या असतात, सी-वन वरून दुसरी), एक गुण. जर्मन ए-टू, एक गुण. झाले सहा, एक पण जास्त नाही. म्हणजे तुला आयईएल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेत सात-साडेसात आणायचे आणि सहा-सात महिने जर्मन शिकायचं. होण्यासारखं आहे, माझ्या क्लासमध्ये नोकरी करून संध्याकाळी येणारे ए-टू करतात. पण पैशाचं बघ. २०२५ चा दर महिन्याला १,०९१ युरो, वर्षाचे १३,०९२ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये टाकावे लागतात, म्हणजे बारा-साडेतेरा लाख रुपये. तुझ्याकडे निम्मे आहेत. पैसे तुझेच असतात, दर महिन्याला थोडे सुटतात, पण आधी ते उभे करावे लागतात. आणि दहा लाखांच्या वर बाहेर पाठवलेल्या रकमेवर टीसीएस म्हणजे आगाऊ टॅक्स कापला जातो, रिटर्नमध्ये परत येतो, तुला माहीतच असेल, पण हातात तेवढे जास्त लागतात.

त्या कार्डवर आठवड्याला २० तासच काम करता येतं. म्हणून ते कमवायचं वर्ष नव्हे, तिथे राहायला मिळालेली पायरी आहे. ज्याला खरंच जर्मनीत नोकरी करून थांबायचंय त्याने घ्यावं. फायदा एवढा की त्या कार्डवर शेंगेन देशांत फिरता येतं, दुसरा व्हिसा लागत नाही. पण तू स्वतःच लिहिलंस की परत यायचंय, मग बारा लाख गुंतवून, मुलाखतीत 'मला जर्मनीत करिअर करायचंय' असं मनात नसताना बोलून जाऊ नको. तुझ्या मनात ते बदललं तर वेगळी गोष्ट, तेव्हा मला विचार.

आता कागद. हे कंटाळवाणं वाटतं पण फाइली इथेच अडकतात, आणि आपल्या महाराष्ट्रातल्या मुलांच्या एका विशिष्ट ठिकाणी अडकतात. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. विद्यापीठाच्या डिग्रीवर कधी तसंच, कधी आईचं नाव पण. पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये नाव आणि वडिलांचं नाव, आडनाव खाली वेगळं. आणि आधारवर चौथंच, वडिलांच्या नावात एक अक्षर कमी. आपल्याला हे एकच माणूस आहे ते दिसतं, बाहेरच्या अधिकाऱ्याला चार नावं दिसतात. सगळे कागद टेबलवर शेजारी शेजारी ठेव आणि प्रत्येकावरचं नाव अक्षरागणिक एका कागदावर उतरव. फक्त क्रम वेगळा असेल तर घाबरायचं नाही, नोटरीचं प्रतिज्ञापत्र जोडता येतं. स्पेलिंगच वेगळं असेल तर पासपोर्ट प्रमाण धरून बाकीचं दुरुस्त कर, आणि आत्ताच कर, कारण बोर्डाची आणि विद्यापीठाची दुरुस्ती आपल्या घाईवर चालत नाही. पदवीचं पक्कं प्रमाणपत्र आलंय का तेपण बघ, प्रोव्हिजनलवर बसून राहिलेली मुलं मी दरवर्षी पाहते. ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा विद्यापीठाचा एकत्र कागद, तो पण आत्ताच काढून ठेव.

नोकरीबद्दल, बॅलट लागल्याचं पत्र आलं की लगेच राजीनामा देतात, तसं करू नको. पत्र म्हणजे अर्ज करायची परवानगी, व्हिसा नाही. व्हिसा हातात आला की नोटीस दे, आणि मालकाला सरळ सांग की वर्षाने परत येणार आहे, फर्मला माणूस ओळखीचाच हवा असतो. अनुभवाचं पत्र लेटरहेडवर, कामाची यादी आणि तारखांसकट, निघायच्या आधीच घे, तेच तुझ्या टेम्पच्या मुलाखतीत कामाला येतं.

आईबाबांचं म्हणशील तर त्यांची भीती नोकरीची कमी आणि फसवणुकीची जास्त असते, पेपरात बातम्या वाचतात ना. त्यांना वरचा हिशोब दाखव, बॅलट फुकट आहे ते सरकारी साइटवर उघडून दाखव, आणि परत यायच्या तिकिटाचे साठ हजार वेगळ्या एफडीत, बाबांच्या हवाली ठेव. तेवढे साडेसहात बसत नाहीयेत हे मला दिसतंय, म्हणून अजून पाच-सहा महिने साठव, पुढचं बॅलट होईपर्यंत ते होऊन जाईल. मी असं सांगितलेल्या घरांत विरोध पुष्कळ कमी झालेला पाहिला आहे, कारण मुलगा अडकला तर आणायचं कसं हा प्रश्न त्यांच्या हातात येतो.

तिथे गेल्यावरच्या पैशाच्या दोन गोष्टी, तुझ्या धंद्यातल्याच आहेत. बाहेर नोकरीला गेलास की इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं खातं, करून घ्यावं लागतं, बँकेत कळवून जा. आणि ब्रिटनचं टॅक्सचं वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल, वर्षाला १२,५७० पाउंडांपर्यंत इन्कम टॅक्स नाही. पगारातून ही सूट महिन्यामहिन्याने वाटून दिलेली असते, त्यामुळे तू टॅक्सच्या वर्षाच्या मध्येच कायमचा परत निघालास तर जास्त कापलेला टॅक्स परत मागता येतो. शेवटच्या मालकाकडून पी-४५ म्हणजे पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कागद घ्यायचा, आणि देश सोडत असल्याचा पी-८५ फॉर्म भरायचा. मुलं गावी यायच्या आनंदात हे विसरतात आणि चांगले चार-पाचशे पाउंड तिथेच सोडून येतात.

तुझी जन्मतारीख, पासपोर्टची मुदत आणि दहावीच्या मार्कशीटवरचं नाव एवढं तपासून झालं की परत लिही. पासपोर्ट दोन वर्षांच्या आत संपत असेल तर आधी तो नवीन काढ, बॅलटमध्ये टाकलेला नंबर आणि अर्जातला नंबर एकच राहिलेला बरा.